मागची सीट

झेवदीने सकाळीच जाहीर केलं होतं, की मसाव्याचा समुद्र दिसेपर्यंत ती नवऱ्याशी एक अक्षरही बोलणार नाही. हब्तेआबला याचं फारसं वाईट वाटलं नाही. तीस वर्षांच्या संसारात असे बरेच बंद त्याने पाहिले होते आणि त्यातला एकही दुपारच्या जेवणापलीकडे टिकला नव्हता.

भांडणाचं कारण साधं होतं. बारेन्तूहून निघून नवरा-बायकोने एकाच सायकलवरून थेट समुद्र गाठायचा, हा बेत हब्तेआबचा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने वेल्डरकडून दोन जुन्या इटालियन सायकली कापून त्यांची एक लांबलचक सायकल करून घेतली होती. पुढे हँडल, ब्रेक आणि हब्तेआब. मागे सीट, पेडल आणि झेवदी. केरेनचे चढ आणि वाटेतली धूळ तिने मुकाट्याने सोसली. पण अस्माऱ्यात बहिणीच्या घरी पोचल्यावर ती म्हणाली, "दोन दिवस राहू."

"बेतात नाही," हब्तेआब म्हणाला.

"बेत तुझा. पाय माझे."

"पण उतारावर धुकं दाटायच्या आत..."

"धुकं तर रोजचंच आहे. भांड की जरा! या माणसाला राग म्हणून येत नाही. माणूस आहे का उकडलेला बटाटा?"

हे ती बहिणीच्या नवऱ्यादेखत बोलली. हब्तेआबने त्यावर शांतपणे आणखी थोडं शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं कालवण, वाढून घेतलं. त्यामुळे ती जास्तच भडकली आणि सकाळी गप्प झाली.

अस्मारा डोंगराच्या माथ्यावर आणि समुद्र पायथ्याशी. मधला रस्ता वळणावळणांनी नुसता खाली उतरत जातो. शहराची वेस ओलांडली की पेडल मारायचं काम संपलं, अशी या उताराची ख्याती. बोटं ब्रेकवर ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मागचा माणूस पेडल मारतोय की नुसता बसलाय, हे कळायला इथे काहीच मार्ग नाही.

पहिल्याच मोठ्या वळणावर ब्रेक किंचाळला. हब्तेआबने सायकल थांबवली आणि वाकून तार आवळायला घेतली. धुकं इतकं दाट होतं की आपलीच बोटं ओळखीची वाटत नव्हती. रस्त्याच्या कडेला दोघी-तिघी बायका टोपल्यांत बेलेस घेऊन बसल्या होत्या. निवडुंगाची ही गोड फळं म्हणजे झेवदीचा जीव की प्राण. ती उतरली. उतरतेय हे नवऱ्याला सांगणं तिला शक्य नव्हतं, कारण बोलणं बंद होतं.

तार आवळून झाल्यावर हब्तेआबने टांग टाकली आणि समोर बघतच विचारलं, "बसलीस?"

उत्तर आलं नाही. उत्तर न देणं हीच तिची त्या दिवसाची भूमिका असल्यामुळे त्याने तो होकार धरला. मागच्या कॅरिअरवर मेहुणीने बर्बेरेच्या तिखटाचं भलंमोठं पोतं लादून दिलं होतं, त्यामुळे वजनातही काही कमतरता जाणवली नाही. सायकल सुटली.

दोन-तीन वळणं गेल्यावर हब्तेआबला वाटलं, आता समेट करावा. वारा कानात घोंघावत होता, म्हणून तो मोठ्याने बोलू लागला.

"झेवदी, चुकलं माझं. दोन दिवस राहायला हवं होतं."

मागे शांतता. एरवी या ठिकाणी "एवढंच चुकलं का?" असा प्रश्न ठरलेला असे. तो न आल्यामुळे त्याला धीर आला.

"खरं सांगू का, मला तुझ्या बहिणीचा नवरा आवडत नाही. सारखा मोटारीबद्दल बोलतो. म्हणून मला निघायची घाई."

मागे शांतता.

"आणि आणखी एक. तुझ्या हातचं शिरो माझ्या आईच्या शिरोपेक्षा चांगलं असतं. आई गेली तेव्हाच सांगणार होतो, पण ते बरं दिसलं नसतं."

तरीही शांतता. बहुधा ती रडत असावी, असं समजून हब्तेआबने आवाज आणखी मऊ केला. आयुष्यात एवढी सुंदर क्षमायाचना त्याने कधी केली नव्हती. पुढे कधी जमेल असंही वाटत नव्हतं. नेफासित गाव येईपर्यंत तो बोलतच होता.

नेफासितला धुकं संपून लख्ख ऊन पडलं होतं. कॉफीच्या दुकानासमोर सायकल थांबवत त्याने ऐटीत सांगितलं, "दोन माकियातो!"

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं. "दुसरा कुणाला?"

"अरे, ही काय माझी..." हब्तेआब वळला. मागच्या सीटवर ऊन बसलं होतं.

दुकानातली माणसं एक एक करत बाहेर आली. कुणी सायकलच्या खाली वाकून पाहिलं, जणू बायको चेनमध्ये अडकली असावी.

"कुठे पडली?" दुकानदाराने विचारलं.

'पडली' हा शब्द हब्तेआबला आत्तापर्यंत सुचलाच नव्हता. त्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वळणं आठवून तो एकेका वळणावर झेवदीला पडताना पाहू लागला. माकियातो तसेच टाकून त्याने सायकल उलटी फिरवली.

दोघांची सायकल एकट्याने चढावर नेणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, आणि शहाण्या माणसाने ते केलेलं नसतं. थोडं पेडल मारावं, थोडं ढकलावं, आणि प्रत्येक वळणावर कठड्यावरून वाकून "झेवदी!" अशी हाक मारावी. कठड्यावर बसलेली वानरंही त्याच्याबरोबर वाकून खाली बघत होती. खालून काहीच उत्तर येत नव्हतं, आणि आता तो अबोला आहे की आणखी काही, हे ओळखायची सोय उरली नव्हती.

नेफासितहून वर जाणारी एक बस त्याच्याजवळ येऊन मंदावली. बातमी बसमध्ये आधीच चढलेली होती.

"बायको विसरलेले ते तुम्हीच ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"विसरलो नाही हो! उतरली असेल... किंवा..."

"या वर, सायकल टपावर टाकू."

"नको. मला प्रत्येक वळण बघायचंय."

"बरं, आम्ही वर बघतो. दिसायला कशी? अंगावर काय आहे?"

हब्तेआबने डोळे मिटले. सकाळी ती त्याच्यासमोर तासभर तयार होत होती. तो तेव्हा चाकात हवा भरत होता.

"पांढरा नेत्सेला," तो शेवटी म्हणाला.

बसमधल्या सगळ्या बायकांनी पांढरा नेत्सेलाच पांघरलेला होता. त्या सगळ्या खिडकीतून त्याच्याकडे बघत होत्या. "शाब्बास," त्यातली एक म्हणाली, आणि बस पुढे गेली.

आणखी थोडं चढल्यावर त्याला ते दिसलं. कठड्याच्या खाली, निवडुंगाच्या झुडपावर, एक पांढरा नेत्सेला पसरलेला. सायकल तिथेच आडवी टाकून तो घसरत, ओरबाडत खाली उतरला आणि नेत्सेला छातीशी धरून त्याने हंबरडा फोडला.

"ए! धुतलेला आहे तो!"

डोंगराच्या कुशीतल्या घराच्या दारातून एक धिप्पाड बाई तावातावाने येत होती. तिचं नाव अब्रहेत. आधी तिने त्याच्या हातातून कपडा ओढून घेतला, मग त्याचा चेहरा पाहिला, मग त्याच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. मागे वळून न बघता कुठवर आला, कोणाशी बोलत आला, सगळं.

"बस इथे," ती म्हणाली. "कॉफी टाकते."

"माझी बायको दरीत असेल!"

"असेल तर ती कुठे जाणार नाही. नसेल तर रस्त्यानेच येईल, आणि रस्ता माझ्या दारातून दिसतो. आत्ता कसा घसरत आलास बघ. अशाने तूच पडशील. बस."

तिने दाणे भाजायला घेतले. आता या घरातून तीन कप घेतल्याशिवाय उठता येणार नव्हतं. तिसऱ्या कपात घराचा आशीर्वाद असतो आणि तो टाकून जाणारा माणूस यजमानाचं आणि स्वतःचंही वाटोळं करतो, हे हब्तेआबला जन्मापासून ठाऊक होतं. आजच्या दिवशी असला धोका पत्करणं शक्यच नव्हतं. म्हणून तो बसला. दाणे भाजले, कुटले, मातीच्या जेबेनात पाणी उकळू लागलं, आणि हब्तेआब रस्त्याकडे बघत मनातल्या मनात बायकोच्या बहिणीला ही बातमी सांगायची वाक्यं जुळवू लागला. एकही जुळेना. पहिला कप त्याने चटका बसेल असा संपवला. दुसऱ्या कपाने छातीत धडधड सुरू झाली. ती काळजीची की कॉफीची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तिसरा कप हातात आला, तेवढ्यात वळणावरून एक छोटी मिरवणूक उतरताना दिसली. पुढे काठी टेकत एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध गृहस्थ, मागे बेलेसवाल्या बायका, आणि मधोमध, ओंजळीत फळं घेऊन, अखंड आणि धडधाकट झेवदी.

हब्तेआब उठून उभा राहिला. "झेवदी! अगं, मी..."

"थांब. आधी मी बोलणार," झेवदी म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "मला माहितीय तू मला मुद्दाम सोडून गेलास."

हब्तेआबने हातातला कप खाली ठेवला.

"बहिणीकडे मी नको ते बोलले. बटाटा म्हणाले. तुला लागलं. लागणारच! तू निघालास तेव्हा मी हाक मारली, बोलायचं नाही असं ठरवलेलं असूनही मारली. तू वळलासदेखील नाहीस. तेव्हाच कळलं, या माणसाला आज राग आला."

"मी तिला म्हटलं," वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरी, कदाचित त्याच्या लक्षातच आलं नसेल." हे आबोय तेक्ले; आबोय म्हणजे बाबा. त्या टापूतली भांडणं त्यांच्याशिवाय मिटत नसत आणि काही तर सुरूही होत नसत.

"आणि मी आबोयना सांगितलं, की माझा नवरा तसला नाही," झेवदी म्हणाली. "आत्ता एक बस वर गेली. तो ड्रायव्हर ओरडून सांगत होता, खाली कुणी बाबा बायको विसरून आलाय, आणि तिने घातलंय काय हेसुद्धा त्याला सांगता येईना! मी म्हटलं, काय एकेकीचं नशीब! माझा असा असता ना, तर इथूनच बहिणीकडे परत गेले असते आणि पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नसतं. रागावून टाकलं तर टाकलं. निदान टाकताना माझा विचार तरी डोक्यात होता!"

अब्रहेतने कॉफी ओतता ओतता मान वर केली. तिने हब्तेआबकडे पाहिलं. हब्तेआबने तिच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्याने तिला जेवढी विनवणी केली, तेवढी लग्नाच्या वेळी सासऱ्यालाही केली नव्हती.

आबोय तेक्ले दगडावर बसले आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. म्हणजे न्यायनिवाडा सुरू झाला.

"हब्तेआब, खरं बोल. या बाईला तू रस्त्यावर जाणूनबुजून सोडलंस?"

"जाणूनबुजून."

"तिची हाक ऐकली होतीस?"

"स्पष्ट."

"मग थांबला का नाहीस?"

इथे हब्तेआब अडला. चष्मा हरवलेला माणूस जसा उशीखाली, टेबलावर, खिशात चाचपडतो, तसा तो स्वतःमध्ये राग शोधू लागला. "रा... राग आला होता."

"कशाचा?"

"ती बोलत नव्हती त्याचा."

"अन् तिने हाक मारली तेव्हा?"

"बोलली याचा."

बेलेसवाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. नवऱ्याचा राग असाच असतो, हे त्यांना पटलं. अब्रहेतला मात्र अचानक जोराचा ठसका लागला आणि ती घरात निघून गेली.

आबोयनी मग हब्तेआबची चांगली हजेरी घेतली. बायको म्हणजे काय रस्त्यात ठेवायचं गाठोडं आहे? एवढा कसला माज? पोस्टात होतास ना, परत पाठवायची पत्रंही तुम्ही नीट सांभाळता! हब्तेआब मान खाली घालून न केलेल्या गुन्ह्याबद्दल बोलणी खात होता आणि प्रत्येक शिवीगणिक त्याच्या जिवात जीव येत होता. शेवटी त्याने आबोयच्या गुडघ्याला हात लावून माफी मागितली, पुन्हा कधी असं रागावणार नाही अशी शपथ घेतली.

"तुझं काही म्हणणं?" आबोयनी झेवदीला विचारलं.

"त्याला एकदा पुन्हा म्हणू द्या," झेवदी लाजून म्हणाली. "या सगळ्यांना नीट ऐकू गेलं नाही."

"मी हिला जाणूनबुजून सोडून गेलो!" हब्तेआब दरीत घुमेल एवढ्या मोठ्याने म्हणाला. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा लांबलचक गजर केला. झेवदीने सगळ्यांकडे बघितलं, जणू तिच्या घरात सिंह पाळलेला आहे आणि आज तो पाहुण्यांदेखत गुरगुरला.

कॉफीचे सगळ्यांचे तिन्ही कप झाले, आशीर्वाद झाले. झेवदी मागच्या सीटवर बसली. हब्तेआबने स्वतः मागे जाऊन, तिचा पदर चाकात येत नाही ना हे पाहून, तिला हाताने चाचपून मगच टांग टाकली. अब्रहेतने दारातून हात हलवला. ती एक शब्द बोलली नव्हती, आणि त्याबद्दल हब्तेआब जन्मभर तिचा गुलाम राहायला तयार होता.

सायकल उताराला लागली. धुकं विरत चाललं होतं. झेवदीने सोललेलं बेलेस मागून त्याच्या तोंडात घातलं आणि बऱ्याच वेळाने हळू आवाजात विचारलं, "ए, एक सांगशील? मला सोडून गेलास ना, मग त्या सगळ्या उतारावर... एकदा तरी मागे वळून पाहिलंस का रे?"

हब्तेआबने विचार केला. दिवसभरात इतकं खोटं बोलून झालं होतं, की आता त्याला एक तरी खरं बोलावंसं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

झेवदी खुदकन हसली आणि तिने त्याच्या पाठीवर चापट मारली.

"चल, खोटारडा!"