पाकोळीची जोडणी

एका जंगलात, मुलांनो, एक राजा होता, एक प्रधान होता आणि एक विकी होता. राजा आणि प्रधान कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. विकी कसा होता ते ऐका.

विकी म्हणजे माळावर उभा केलेला मोठा लाकडी फळा. ज्याला जे माहीत असेल ते त्याने तिथे लिहायचं, आणि चुकलेलं कुणीही पुसायचं. कुठली अळंबी विषारी, मध कुठल्या झाडावर, वाघोबा आज कुठल्या अंगाला झोपलेत, सगळं तिथे मिळायचं. एकदा गाढवाने लिहिलं की जंगलाचा राजा गाढव आहे. माकडाने ते लगेच पुसलं. पण तेवढ्यात दोन कोल्हे गाढवाला मुजरा करून आले होते.

हा फळा दूरच्या सरोवरावरचे करकोचे बनवायचे, तोही फुकट. अधूनमधून ते आधीपेक्षा चांगला नवा फळा पाठवायचे. नवा फळा जुन्याशेजारी उभा केला की जुन्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी रांग लावून नव्यावर जायची. याला जंगलात अपग्रेड म्हणत.

फळ्याची देखभाल साळूताई करायची. साळूताई म्हणजे साळिंदर. धूळ झटकायची, वाकडी अक्षरं सरळ करायची, लिहायला कुणाला काटा हवा असेल तर आपल्या अंगावरचा काढून द्यायची. या कामाचं काही मिळत नसे, म्हणून ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

तिला यंदा दोन पिल्लं झाली होती. त्यांचे काटे अजून मऊ होते आणि पायांत बळ नव्हतं. उन्हाळ्यात जंगलातले पाणवठे एकामागून एक आटायचे. पिल्लं कशीबशी एका पाणवठ्यापर्यंत चालू शकली असती. तो कोरडा निघाला, तर तिथून दुसऱ्यावर जाणं त्यांच्याने झालं नसतं. म्हणून साळूताई रोज फळ्यावरचं ‘पाणवठे’ हे पान सगळ्यांत आधी वाचायची.

पूर्वी या पानावर साधी वाक्यं असत. ‘जांभळीच्या डोहात पाणी आहे. गाळ फार. आत्ताच पिऊन आले. – रोहीमावशी.’ रोहीमावशी ही नीलगाईंच्या कळपाची म्होरकी. तिचं अक्षर वाईट होतं, पण ते सगळ्यांना लागायचं.

मग एका हिवाळ्यात लांबून एक पाकोळी, चिखलाची घरटी बांधणारा इवला पक्षी, पाहुणी आली. हुशार होती. रिकामं बसणं तिला जमत नसे. तिने चिखलाचे मणी वळून एक जोडणी केली आणि फळ्याच्या खुंट्यांवर टांगली. खाली काही टिंबं आणि रेघा मारायच्या, की पाणी असलेल्या डोहाचा मणी हिरवा व्हायचा आणि आटलेल्याचा लाल. तिने याचं काही घेतलं नाही.

सगळं जंगल बघायला लोटलं. फळा समितीचे अध्यक्ष मयूरराव तर बघतच राहिले. मणी थेट त्यांच्या पिसांवरच्या डोळ्यांसारखे दिसत होते. त्यांनी जुनी वाक्यं पुसायला सांगितली. दोन दोन गोष्टी कशाला, म्हणाले, आणि रोहीमावशींचं अक्षर वाचून आमची मान आखडते.

थंडी सरल्यावर पाकोळी उडून गेली. पाहुणे जातातच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

उन्हाळा तापला तेव्हा करकोच्यांचा नवा फळा आला. सोबत सूचनापत्र होतं. जुन्या फळ्याला यापुढे वाळवी लागल्यास आम्हाला कळवू नये, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. ते वाचून समितीने ताबडतोब सभा बोलावली. खालचं बारीक अक्षर कुणी वाचलं नाही. साळूताईने वाचलं. नव्या फळ्याच्या खुंट्या गोल होत्या. पाकोळीची जोडणी चौकोनी खुंट्यांसाठी केलेली होती.

साळूताईला सभेत बोलायची सवय नव्हती. ती मागे बसायची, कारण पुढे बसलं की शेजाऱ्याला काटे लागायचे. पण त्या दिवशी ती उभी राहिली.

“फळा बदलायला हवाच,” ती म्हणाली. “पण बदलण्याआधी पाण्याचं साध्या वाक्यांत लिहून ठेवू. जोडणी नाही चालली तर निदान वाचता येईल.”

“साळूताई, तुम्हाला टोचल्याशिवाय बोलताच येत नाही का हो?” मयूरराव म्हणाले.

सभा हसली. ससा म्हणाला की आजवर चाललं ते पुढेही चालेल. माकड म्हणालं की नाही चाललं तर पाकोळी बघेल. पाकोळी कुठे आहे, असं साळूताईने विचारलं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती स्वभावाने चांगली आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं.

नवा फळा उभा राहिला. अक्षरं रांगेने गेली. जोडणी टांगायला गेले तर ती खुंटीवर बसेना. ठोकून बसवली तर मणी फुटले. ‘पाणवठे’ या पानावर उरली ती टिंबं आणि रेघा. त्यांचा अर्थ फक्त फुटलेल्या मण्यांना कळत होता.

माळावर जनावरांची गर्दी झाली. रोहीमावशीने मान तिरकी करून ती टिंबं सगळ्या बाजूंनी पाहिली आणि विचारलं, “यातलं पाणी कुठलं?”

समितीने वाऱ्यावर पाकोळीला निरोप धाडला. उत्तर लगेच आलं. ती आता दुसऱ्या देशात घरटी बांधत होती. मण्यांचं तिला अंधूक आठवत होतं. जोडणी तुम्हाला उपयोगी पडली हे वाचून आनंद झाला, तिने कळवलं होतं. कशी केली ते उघडंच आहे, तुम्हीच नीट करून घ्या, शुभेच्छा. मयूररावांनी शुभेच्छा मोठ्याने वाचून दाखवल्या आणि सभा उठवली.

त्या संध्याकाळी पिल्लांनी आईच्या तोंडाला तोंड लावून पाहिलं. तिथेही ओल नव्हती.

पहाटे साळूताईने बिळाचं तोंड दगडांनी बुजवलं आणि ती एकटी निघाली. जांभळीच्या डोहात भेगा पडल्या होत्या. पुढच्या नाल्यात नुसता चिखल होता. ऊन चढलं तशी तिची पावलं अडखळू लागली. शेवटी कारवीच्या दरीत, एका खडकाखाली, तिला पाणी दिसलं. ती पोटभर प्यायली आणि उलट्या पावली बिळाकडे धावली. पिल्लांना घेऊन पुन्हा निघाली. धाकटं वाटेत बसलं. त्याला तिने नाकाने ढकलत नेलं. दोघंही प्यायली, आणि मग तिथेच झोपली.

त्यांना खडकाच्या सावलीत ठेवून साळूताई माळावर आली. फळ्यावर तिने लिहिलं: ‘कारवीच्या दरीत खडकाखाली पाणी आहे. आत्ताच पिऊन आले. – साळू.’

रोहीमावशीने ते वाचलं आणि कळप घेऊन तडक दरीकडे गेली. तिच्यामागे भेकरं गेली, रानडुकरं गेली. समितीच्या कानावर हे गेलं तेव्हा मयूरराव फार अस्वस्थ झाले.

“हे कोणाचं काम आहे?” ते फळ्यासमोर उभे राहून म्हणाले. “याला खुंटी कुठे आहे?”

“वाक्य आहे ते, मयूरराव,” साळूताई म्हणाली. “वाक्याला खुंटी लागत नाही.”

“तेच तर. ज्याला खुंटीच नाही, ते कधी पडेल सांगता यायचं नाही. पुढचा फळा आल्यावर हे चालेल, याची हमी कोण देणार?”

जंगलाच्या सुरक्षेसाठी वाक्य पुसण्यात आलं.

त्याच्या जागी वटवाघळाची जोडणी बसली. ती अगदी गोल खुंट्यांसाठी होती. वटवाघूळ उलटं लटकून काम करायचं, त्यामुळे भरलेला डोह लाल दिसायचा आणि आटलेला हिरवा, एवढंच. हा दोष पुढेमागे निघेल, असं ते म्हणालं. राजाने अपग्रेड यशस्वी केल्याबद्दल मयूररावांचा सत्कार केला. त्या दिवशी फळा इतका हिरवागार दिसत होता की राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. जंगलात इतरत्र ते फारसं नव्हतं.

साळूताई सत्काराला गेली नाही. तिने फळ्याचं काम सोडलं आणि दरीतल्या खडकाजवळ नवं बीळ खणलं. चुकून कुणी तिकडे आलं, तर ती पाणी दाखवायची.

एके दुपारी मयूररावच आले. हिरवे मणी पाहत पाहत ते सगळं जंगल हिंडले होते. पिसारा मातीत लोळत होता, चोच उघडी होती. साळूताईने पिल्लांना बाजूला घेतलं आणि वाट करून दिली. मयूरराव खूप वेळ पीत राहिले. मग त्यांनी मान वर केली, पिसं झटकली आणि घसा साफ केला.

“पाणी गोड आहे हो,” ते म्हणाले. “पण फळ्यावर हा डोह अजून लाल आहे. तो हिरवा होईपर्यंत इथे पाणी आहे, असं कुणाला सांगू नका.”

तात्पर्य: जोडणी फुकटची, देखणी आणि निघून गेलेल्या पाहुण्याने केलेली असेल, तर जुनं सगळं पुसून तिच्यावर खुशाल विसंबावं. ती बंद पडली तर दुसरी मिळते. आणि पाण्याचं म्हणाल, तर समितीवर असणाऱ्याला ते कुठे ना कुठे मिळतंच.