सिंटची कविता आणि दोन कवळ्या

निवृत्त ग्रंथपाल वीत्सेने आयुष्यात पहिल्यांदाच एक बिनचूक बेत आखला होता.

सिंटरक्लास म्हणजे डिसेंबरात घोड्यावरून भेटी वाटत येणारा संत, लाडाने सिंट. त्याच्या सणाच्या संध्याकाळी भेटवस्तूसोबत कविता द्यायची, खाली सही सिंटची, आणि जिची भेट तिनेच ती मोठ्याने वाचायची. कोणी लिहिली ते सगळे ओळखतात, विचारत कोणी नाही. लाजाळू माणसाला याहून सोयीची रीत नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमध्ये दुसरी नाही. शेजारच्या विधवा जापकेसाठी त्याने सोळा ओळी लिहिल्या. शेवटच्या दोन ओळींत लग्नाचं विचारलं होतं.

अडचण कवळीची होती; त्या संध्याकाळी जापकेच्या घरी चारचौघांत खायचं, बोलायचं होतं. एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याचे सगळे दात काढवून कवळी भेट दिली. पुढचा दंतवैद्याचा खर्च वाचावा म्हणून तेव्हा गावात तशीच पद्धत होती. पन्नास वर्षांत खालचा जबडा साबणाच्या वडीसारखा झिजला आणि कवळी त्यावर होडीसारखी डुलू लागली.

"हाडात दोन स्क्रू बसवू," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "कवळी त्यांवर खटकन बसेल."

"दुसरं काही?"

"आतून नवं अस्तर लावता येईल. पण हाड झिजतच राहणार."

"आणि चिकटवायची पेस्ट?"

"ती म्हणजे गळक्या छपराखाली बादली."

वीत्सेने बादली निवडली.

सिंटरक्लासच्या संध्याकाळी जापकेने घरच्यांसमोर पाकीट उघडलं आणि सरळ त्याच्यापुढे धरलं. "तूच वाच रे. माझी खालची कवळी आज नाचतेय."

"अगं, पण रीत..."

"जन्म पुस्तकांत घालवलास ना? मग वाच की."

घाबरून त्याने टाय-टायचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. ते चिवट बिस्किट आणि तिप्पट पेस्ट यांचं असं काही गूळपीठ जमलं, की वरची कवळी खालचीला चिकटून बसली.

"म्म्म," वीत्से म्हणाला.

"सिंटचा घोडा का, काका?" जापकेच्या सुनेने विचारलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने जोर लावून ओढलं. दोन्ही कवळ्या बिस्किटासकट हातात आल्या. जापके इतकी हसली, की तिची खालची कवळी कोकोच्या कपात पडली.

आता माघार कसली? बोळक्या तोंडाने त्याने सोळाच्या सोळा ओळी वाचल्या. घरात कोणाला एक अक्षर कळलं नाही; जापकेला सगळं कळलं. तिने डोळे पुसले आणि तितकंच बोबडं काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या आई?" सुनेने विचारलं.

लाल झालेल्या कानांनी वीत्सेने कवळ्या सोडवून तोंडात बसवल्या. "हो म्हणाली. पण आधी दोघांनी स्क्रू बसवायचे."

पंधरवड्याने दोघं हातात हात घालून दवाखान्यात गेले. खुर्चीपाशी पोचताच जापकेने हात सोडवून घेतला.

"आधी तू बस," ती म्हणाली. "दुखतं का, ते मला बघू दे."