श्रीच्या वाट्याचा भात

"एका ओळीचं काम आहे हो, काका!" रितेशने लॅपटॉप उघडला आणि बोर्लीजवळच्या त्या वाडीत तंत्रज्ञान अवतरलं!

गावदेवीच्या भंडाऱ्याला कुणाच्या घरून काय यायचं, हे दरवर्षी कोंडाजीकाका ठरवत आणि दरवर्षी भांडणं होत. यंदा तर शिवानी आणि तिच्या घरचे रितेशचं स्थळ बघायला आगरदांड्याहून जेवायलाच येणार होते. पोरगा किती हुशार, ते त्यांना पानावरच दिसणार होतं!

काकांनी घरांची नावं मोबाइलवर लिहून पाठवली. कुणी काय आणायचं ते त्याच क्रमाने तोंडी सांगितलं, त्याची फाइल रितेशने केली. मग काळ्या पडद्यावर आज्ञा: पेस्ट! पहिलीला पहिली ओळ चिकटली, दुसरीला दुसरी. रकाने वाकडे आले, म्हणून वर 'कॉलम'ची आज्ञा. झाले की सरळ, लावणीच्या ओळींसारखे! त्या कौतुकात वाचायचं तेवढं राहिलं आणि यादी गावाच्या ग्रुपवर गेलीसुद्धा.

लगेच नलूआत्याचा फोन. "माझ्या वालाच्या बिरड्यात काय वाईट हाय रे? मला नुसत्या पत्रावळ्या?"

"आत्या, कॉम्प्युटर चुकत नाही!"

बिरडं बायजाबाईंकडे गेलं होतं. ज्याला चहा जमत नाही, त्या एकट्या परेशला खीर! आणि शेवटच्या घरापुढे, म्हणजे रितेशच्या आईपुढे, आवडाबाईंपुढे, काहीच नव्हतं.

"आई, यंदा तुला मान दिलाय. नुसती बस!"

आवडाबाई हरखल्या.

पंगत बसली. पहिल्या पानावर शिवानीचे वडील. बिरडं आलं, लोणचं आलं, परेशची खीर आली. ती चमच्याने कापावी लागली. आणि भात? भातशेतीच्या गावात भाताचं शीत नाही! रितेश काकांकडे धावला, "भात कुणाकडे होता?"

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "ही काय पयलीच ओळ. श्री... भात."

"काका, तुम्ही नावांच्या यादीत श्री लिहिलंत?"

"मग? देवाचं नाव घेतल्याबिगर मी कधी काय लिवलंय व्हय?"

शिवानीने काकांच्या मोबाइलवरच्या यादीवर नजर टाकली. "म्हणजे बायजाकाकूंचा भात देवाला गेला आणि पुढची सगळी घरं एकेकाने घसरली," ती म्हणाली, आणि हसू काही तिला आवरेना.

बायजाबाईंनी पदर खोचला, चूल पेटवली. उशिरा का होईना, पाहुणे पोटभर जेवले. हात धुऊन शिवानीचे वडील म्हणाले, "पोरगा पसंत हाय. अट एकच. लग्नाची पत्रिका ह्यानं करायची न्हाय!"

"का हो?" रितेशने बिचकत विचारलं.

"पत्रिकेत सगळ्यांत वर गणपती असतो, बाबा! तुझ्या रकान्यात माझ्या पोरीचं लगीन त्याच्याशी लागंल, आणि तू बसशील आईसारखा मान घेऊन!"