पिवळी चौकट

एखाद्या गोष्टीत चूक आहे आणि ती मला सापडली नाही, असं आजवर झालेलं नाही! उभा जन्म हिशेबतपासनीस म्हणून काढलाय. माझ्या हिरव्या शाईच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला, की पलीकडच्या खोलीतल्या कॅशियरला घाम फुटायचा. कागदावर काही खटकलं, की मी दोनच शब्द लिहायचो : 'खुलासा करावा.' मग तो माणूस, त्याचा साहेब आणि साहेबाचा साहेब आठवडाभर खुलासे करत बसायचे. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसनं मोठा समारंभ केला. इतके आनंदी चेहरे त्या ऑफिसात मी कधीच पाहिले नव्हते!

त्यामुळे भाचा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, माझं नवं अ‍ॅप तपासून द्याल?" तेव्हा मला त्याच्या अकलेचं कौतुकच वाटलं. पुढे जे घडलं त्याला 'मामांनी केलेला गोंधळ' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मी स्वतःहून गेलो नव्हतो. मला बोलावणं आलं होतं!

"नाव काय अ‍ॅपचं?"

"गोळाबेरीज."

"नाव झकास आहे. करतं काय?"

"लोक चार ठिकाणी लिहितात ना, मामा. एकीकडे नोकरीधंद्याचं, दुसरीकडे फोटो, तिसरीकडे घरच्यांसाठी, चौथीकडे नुसती भांडणं. कुठे कुठे बघत बसायचं? माझ्याकडे एका माणसाचं सगळं एका ओळीत, शेजारी शेजारी दिसतं."

त्याच्याबरोबर ताईही आली होती. सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. "अरे, चांगली नोकरी सोडली यानं ह्याच्यापायी! शनिवारी ते भांडवलवाले साहेब बघायला येणार. दोनदा तर कंबर धरली म्हणून पुढे ढकललं त्यांनी. आता नाही म्हणाले, की सोमवारी हा जुन्या साहेबापुढे हात जोडून उभा. तो मेला राजीनामा घेताना हसला होता, माहितेय?"

"ताई, मी बघतोय ना! निर्धास्त राहा."

हे ऐकून ताई आणखीच पुढे सरकली.

भाच्यानं माझी सगळी खाती जोडून दिली. घरच्यांची, ओळखीपाळखीच्यांची, साहेबांना दाखवायचं म्हणून खुद्द साहेबांचीही पानं उघडून दिली. "खटकेल ते लगेच लिहा, मामा. उजव्या हाताला पिवळी चौकट आहे. तिच्यात लिहिलेलं फक्त मला दिसतं."

"खाली सही करू?"

"हवी तर करा."

"हुद्दा?"

तो जरा घुटमळला. "चाचणीप्रमुख?"

बरा होता हुद्दा. निवृत्तीनंतर मला 'अहो, जरा गॅस बंद करा' याखेरीज दुसरा हुद्दाच उरला नव्हता.

ताई आणि भाचा गेले. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "दिवसभर त्या डब्यासमोर बसू नका! सकाळचं चालणं झालंय ना?"

"झालं की! घरच्या ग्रुपवर टाकलंय : बागेला तीन फेऱ्या पूर्ण."

"आणि गोड?"

"नावसुद्धा काढलं नाही!" डॉक्टरांनी माझं गोड बंद केल्यापासून हा जबाब मला रोज द्यावा लागतो. असो.

बसलो कामाला. अक्षरं मुंगीच्या पायांएवढी! मोठी केली, आणखी मोठी केली, तेव्हा कुठे दिसायला लागली. उजव्या हाताला बघतो तर पिवळी चौकट नाही. प्रत्येक मजकुराच्या खाली एक चौकट होती, पण पांढरी. पिवळी म्हणाला आणि पांढरी निघाली. आल्या आल्या पहिली चूक! तिथल्या तिथे लिहिलं : 'रंग चुकीचा आहे. बदलावा. — चाचणीप्रमुख, गोळाबेरीज.'

आणि मग मला त्या अ‍ॅपची खरी गंमत कळली. अहो, काय सोय होती! आमचे साडू नोकरीच्या पानावर लिहितात, 'कामाचा डोंगर, आठवडाभर मान वर करायला सवड नाही.' आणि त्याच ओळीत शेजारी, त्याच दिवशीच्या फोटोत, तळ्याकाठी पाय सोडून बसलेत, हातात हा एवढा मासा! माझा हात शिवशिवला. ऑफिसात असा एक ताळा लावायला मला चार कपाटं उपसावी लागायची. इथे कपाट स्वतःहून उघडून समोर बसलं होतं. लिहिलं : 'मान वर नाही, मासा मात्र वर. ताळा जमत नाही. खुलासा करावा.'

शेजारचे दाताचे डॉक्टर. धंद्याच्या पानावर 'गोड म्हणजे दातांचा शत्रू'. शेजारच्या फोटोत मुलीच्या वाढदिवशी तोंड केकमध्ये बुडालेलं. 'शत्रूशी इतकी जवळीक कशी? खुलासा करावा.'

भांडवलवाले साहेब. डावीकडे : 'कंबरेच्या दुखण्यामुळे सर्व भेटी रद्द. अंथरुणातून उठवत नाही.' उजवीकडे : त्याच दिवशीचा, क्लबातल्या बॅडमिंटनचा फोटो. साहेब जमिनीपासून दीड हात वर! भाच्याला अंथरुणाचं सांगून हा माणूस हवेत? माझं डोकंच फिरलं. 'फोटोतली कंबर कोणाची? ताबडतोब खुलासा करावा.' खाली ठसठशीत सही.

दुपारभर असा न उठता राबलो. तपासणी कशी असावी, याचा नमुना होता नमुना!

संध्याकाळी पहिला फोन मेहुणीचा. बायकोनं घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा झाला, की मी नकळत चष्मा काढून खिशात ठेवला.

"अहो! तिनं कालच केस रंगवले, हौसेनं फोटो टाकला, आणि तुम्ही खाली 'रंग चुकीचा आहे, बदलावा' असं लिहिलंत?"

"मी? मी चौकटीबद्दल लिहिलं!"

"आणि मासा? कुठला मासा? ती विचारतेय, हे ऑफिसच्या कामाला गेले होते की मासे धरायला? ती रडतेय, आणि मागून तुमचे साडू ओरडताहेत!"

मी बोलणार एवढ्यात भाचा घरात घुसला. मागोमाग ताई, पर्ससकट.

"मामा! पिवळ्या चौकटीत लिहायचं होतं! तुम्ही सगळं जाहीर लिहिलंत! सगळ्यांच्या पानांवर!"

"कुठाय पिवळी? दाखव! आत्ताच्या आत्ता दाखव!" मी त्याचा हात धरून लॅपटॉपसमोर आणला. सांगा, मी चिडायचं नाही तर काय करायचं? त्यानं अक्षरं लहान केली. आणि ती पिवळी चौकट, भाडं मागायला आलेला मालक गेल्यावर दाराआडून बाहेर येणाऱ्या भाडेकरूसारखी, उजवीकडून हळूच आत सरकली!

"अक्षरं मोठी केली की ती पडद्याबाहेर जाते..." भाचा पुटपुटला. "माझ्या लक्षातच आलं नाही."

"बघ! म्हणजे चूक कोणाची? आणि शोधली कोणी? चष्मेवाल्या माणसानं काय करायचं? चौकटीमागे धावायचं? आता पुसून टाक सगळं!"

"पुसायची सोय अजून केलेली नाही, मामा. पुढच्या टप्प्यात आहे."

"लिहायची सोय आहे आणि पुसायची नाही? खुलासा—"

"अहो, पुरे!" बायको आणि ताई एका सुरात ओरडल्या.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. भांडवलवाले साहेब! ताईनं डोळे मिटले. "सोमवार," ती म्हणाली, "आला सोमवार!" भाच्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"ते चाचणीप्रमुख आहेत का तिथे?" आवाज फार बारीक होता. खोलीचं दार लावून बोलत असावेत.

"मीच तो," मी म्हणालो.

"साहेब, त्या कंबरेचं असं आहे, की सकाळी दुखत होती. मग शेक घेतला. संध्याकाळी एकदम मोकळी झाली."

चक्क खुलासा! आणि मला 'साहेब'! मी शांतपणे म्हणालो, "पुढे?"

"पुढे बायकोनं वाचलं. त्या संध्याकाळी तिच्या माहेरी जायचं होतं. तेव्हाही मी कंबरच सांगितली होती." सुस्कारा ऐकू आला. "त्या मुलाला सांगा, शनिवारची भेट नको."

ताईच्या हातातली पर्स खाली पडली.

"आत्ताच कबूल करतो. भांडवल देतो. एकच अट. एका माणसाचं सगळं शेजारी शेजारी दिसता कामा नये. वेगवेगळं ठेवा. लांब लांब ठेवा!"

"पण साहेब," भाचा कळवळला, "सगळं एकत्र दिसणं हेच तर माझं अ‍ॅप आहे."

"ते ठेवा ना! एकत्रच ठेवा. फक्त दिसू देऊ नका." फोन बंद.

भाचा खिळल्यासारखा उभा. काय बनवायला निघालो होतो आणि काय बनवायचं कबूल झालं, याची जुळणी त्याला होईना. ताईला असल्या बारकाव्यांशी कर्तव्य नव्हतं. तिनं पर्स उचलली आणि पहिल्यांदाच सोफ्यावर मागे टेकून बसली. "सोमवार गेला," ती म्हणाली. "अरे, तुझ्यामुळे गेला हो!"

मी कॉलर ताठ केली. "ऐकलंस?" मी बायकोला म्हणालो. "दोन शब्दांत काम! उगाच नाही लोक टरकायचे."

तिचं लक्षच नव्हतं. ती लॅपटॉपसमोर बसून अक्षरं मोठी करत होती.

"दाताच्या डॉक्टरांनी खुलासा केलाय," ती म्हणाली, आणि सावकाश वाचायला लागली. "'होय, मी केक खातो. रोज सकाळी, कोपऱ्यावरच्या बेकरीत. सोबत कोण असतं, त्याचा फोटो जोडला आहे.'"

फोटो चांगला मोठा होता, आणि त्याला माझं नाव जोडलेलं होतं. आणि गोळाबेरीज अगदी बिनचूक चालत होतं. शेजारीच, त्याच सकाळचं, माझं : बागेला तीन फेऱ्या पूर्ण.

बायकोनं पांढऱ्या चौकटीत दोनच शब्द लिहिले.

मी खुलासा केला आहे. चांगला सविस्तर, मुद्देसूद, सहीनिशी. फक्त अक्षरं लहान करून घेतली, आणि तो पिवळ्या चौकटीत लिहिला.