इस्माईलभाईंचं राष्ट्रीय धोरण

आमच्या घरी आंबा मनसोक्त चोखता येत नाही. कुवेतमधल्या फहाहीलच्या या इमारतीत सगळ्यात वर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत इस्माईलभाई राहतात आणि कुणाकडे पेटी फुटली की त्यांना बरोबर वास लागतो. वाटी घेऊन दारात हजर. "ताई, कोयीला दात लावू नका, ते रोप आहे." इकडे माझ्या नवऱ्याच्या तोंडात अर्धी कोय. आता त्याने काय करावं? मुकाट्याने काढून देतो बिचारा.

इस्माईलभाई मूळचे रत्नागिरीकडचे. इथे बाजारात एसीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काउंटरवर असतात, पण ते आपलं पोटापुरतं. खरं काम म्हणजे देशाचं राष्ट्रीय धोरण ठरवणं. बोडक्या डोंगरांवर पुन्हा जंगल, खाली शेतात शेणखत आणि पालापाचोळा, रसायनाचा थेंब नाही, आणि या सगळ्यात गावच्या प्रत्येक पोराला नोकरी. सरकारला याची कल्पना नाही, पण आमच्या जिन्यात अंमलबजावणी जोरात चालू आहे. भाजीची सालं वेगळ्या डब्यात. एसीतून ठिबकणारं पाणी कॅनमध्ये. चहाचा चोथा द्यायचा तो साखर घालण्याआधीचा, कारण साखरेने मुंग्या येतात. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे साखर पाण्यातच उकळते. तर म्हणाले, मग तुमचा चहा धोरणात बसत नाही.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्लास्टिकची फुलं धोरणात बसत नाहीत. आमच्या दिवाणखान्यातला गालिचा बसत नाही. मी केस रंगवून आले, ते तर अजिबातच बसले नाहीत.

नोकऱ्या मात्र सढळ हाताने वाटतात. माझा नवरा तेलकंपनीत इंजिनियर, त्याला त्यांनी गांडूळ निरीक्षक नेमलंय. साहेब कमी बोलतात, गांडुळांना तेच लागतं म्हणे. मी दवाखान्यात रक्त तपासते, म्हणून माती माझ्याकडे. सगळ्यात मोठा हुद्दा, पेन्शनसकट, वानरं हाकलणाऱ्याला. मला हसू आलं तर केवढे रागावले. फणस वानरांनी नेला तर धोरण काय चाटायचंय, असं विचारलं त्यांनी मला.

अडचण एकच. दूध पावडरच्या डब्यांत गच्चीवर लावलेली रोपं इथला उन्हाळा तापला की करपून जातात. दरवर्षी. मग चार दिवस माणूस खाली फिरकत नाही आणि आम्ही सुखाने आंबे खातो.

या वर्षी मात्र ते भलतेच खुशीत होते. त्यांचा मुलगा नासीर शेतीची पदविका घेऊन वर्षभर घरी बसला होता. घरून बायकोचं टुमणं चालू होतं, की पोराला तिकडे बोलवा. शेवटी दुकानाच्या मालकाने व्हिसा द्यायचं कबूल केलं. इस्माईलभाईंनी खोलीत दुसरी खाट आणली, गादी आणली. स्वतः इतकी वर्षं घरघरणाऱ्या एसीखाली झोपले, पण नासीरसाठी नवा बसवला. नासीर लहानाचा मोठा झाला तो सुट्टीच्या महिन्यांतच यांनी पाहिलेला. आता रोज एका ताटात जेवू म्हणत होते. मी मुद्दाम चिडवलं, की पोराला इकडे बोलावणं धोरणात बसतं का हो? तर सालांचा डबा घेऊन वर निघून गेले.

आणि मग नासीरचा फोन आला. इस्माईलभाई तेव्हा आमच्याच दारात उभे होते, त्यामुळे स्पीकरवरचं सगळं मला ऐकू आलं. गावामागच्या डोंगरावर झाडं लावायचं सरकारी काम निघालं होतं. रोपं पुरवायला नर्सरी हवी होती, आणि नासीरने दोन मित्रांना घेऊन ती घरामागेच काढायचं मनात आणलं होतं. पण व्हिसाही हातात होता. पोरगा म्हणाला, "अब्बा, तुम्ही सांगाल तसं. म्हणाल तर परवा निघतो."

इस्माईलभाईंनी हातातली वाटी माझ्याकडे दिली. खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं.

"धोरणात बसतंय," ते म्हणाले. "तिथंच राहा."

फोन ठेवून त्यांनी वाटी परत मागितली आणि घरात कोय आहे का, असं विचारलं.

पुढच्या आठवड्यात सालं द्यायला मी वर गेले. नवा एसी गार चालला होता. नासीरच्या खाटेवर, गादीचं प्लास्टिकही न काढता, दुधाचे डबे ओळीने मांडले होते. प्रत्येकात आंब्याचं तांबूस कोवळं रोप. या वर्षी एकही करपलं नव्हतं. मी आपली थट्टाच केली, की काय हो, झाडं एसीत? आणि तीही गादीवर? हे बसतं का धोरणात?

ते एका डब्यात बोटाने माती दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही बसत, ताई. पण खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं."