‘पण’ खोडणाऱ्या अक्का

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातली कुठलीही कादंबरी उघडा. नायिका ‘सावळी पण देखणी’ असेल, तर तो ‘पण’ खोडलेला दिसेल आणि वर सुबक अक्षरात ‘आणि’ लिहिलेलं असेल. सावळी आणि देखणी. हे काम आमच्या सरोजा अक्कांचं.

सरोजा अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. नुंगंबाक्कमला त्या खाली राहतात, मी वर. मी मूळची सांगलीची. कंपनीच्या बसने सिरुसेरीला जाते-येते आणि उरलेला वेळ अक्कांच्या तावडीत असते. अक्का तंजावरकडच्या मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेल्यामुळे त्यांची मराठी निम्मी जुनी आणि निम्मी तमिळ. ‘बरं’च्या जागी ‘सरी’, आणि लाडात आल्या की ‘कण्णा’. जन्मभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून देवनागरी येत होती. तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर मराठी पुस्तकं वाचायला घेतली, ती पोलिसांनी झडती घ्यावी तशी.

वाचता वाचता मध्येच थांबणार आणि म्हणणार, ‘हां, सापडला.’ ‘गरीब पण प्रामाणिक’ सापडला. ‘बाई असूनही कर्तबगार’ सापडली. ‘असूनही’ हा त्यांच्या मते ‘पण’चा थोरला भाऊ, बोलायला सभ्य, आतून तोच. एका लेखकाने बिचाऱ्याने ‘नवऱ्याने तिला नोकरी करू दिली’ असं लिहिलं होतं. अक्कांनी ‘करू दिली’ खोडलं आणि समासात लिहिलं, ‘ह्याला कुणी विचारलं?’

वाचनालयाचे सेक्रेटरी भले गृहस्थ. पुस्तकं खराब होतात म्हणून समज द्यायला घरी आले. अक्कांनी त्यांना कॉफी पाजली, एक जाडजूड कादंबरी हातात दिली आणि म्हणाल्या, ह्यात गोरी नसलेली आणि ‘पण’ न लावता चांगली म्हटलेली एक बाई दाखवा, मी पेन खाली ठेवते. सेक्रेटरी संध्याकाळपर्यंत शोधत बसले. शेवटी हात टेकले आणि जाताना एवढंच म्हणाले, की निदान पेन्सिल वापरत जा. आता मंडळात लोक ‘अक्कांनी वाचलेलं आहे का?’ असं विचारून पुस्तक नेतात.

मध्यंतरी माझी आई आली होती. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो दाखवता दाखवता सहज बोलून गेली, की मुलगी रंगाने जरा डावी आहे, पण... अक्कांनी हातातली शेवग्याची शेंग खाली ठेवली.

‘डावी? मग उजवा रंग कुठला?’

आईने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. आई स्वतः काळीसावळी, आणि हा प्रश्न तिला कुणी कधी विचारलाच नव्हता. अहो, तसं बोलायची पद्धतच आहे, असं ती म्हणाली. सरी, मग ही पद्धत कुणी पाडली ते बघू, असं म्हणून दोघी आपापल्या सासवा आठवायला बसल्या आणि दुपारभर खिदळल्या. आता आई सांगलीहून फोन करून मला सांगते, आज भिशीत एक ‘पण’ पकडला म्हणून.

मला वाटायचं, मास्तरीणबाई आहेत, चुका काढल्याशिवाय चैन पडत नाही. मग एका संध्याकाळी खाली गेले तर अक्का पुस्तक उघडं टाकून नुसत्याच बसलेल्या. काय सापडलं, असं मी विचारलं.

‘मीच सापडले,’ त्या म्हणाल्या.

अक्कांना बघायला आलेले लोक ‘काळी आहे, पण गणितात हुशार’ असं म्हणाले होते. ते त्या कधीच विसरल्या नाहीत. आणि पुढे त्यांची मुलगी उमा नोकरीसाठी इंग्लंडला गेली, तिथे केनियाचा जोसेफ तिला आवडला, आणि लग्न ठरवल्याचा तिचा फोन आला तेव्हा ह्याच अक्का म्हणाल्या, ‘मुलगा चांगला आहे, पण...’ पुढचा शब्द बोलायची वेळच आली नाही. उमाने फोन ठेवला. तेव्हापासून पोंगलला आणि वाढदिवसाला फोन, हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, संपलं. समोर उघड्या पडलेल्या कादंबरीतल्या आईने लेकीला नेमकं तेच वाक्य ऐकवलं होतं.

‘लोकांचे खोडले गे,’ अक्का म्हणाल्या. ‘माझा कसा खोडू?’

मला फार वाईट वाटलं. मी कॉफी करायला उठले.

मग गेल्या महिन्यात उमाला मुलगी झाली. जोसेफने मेसेज करून कळवलं की रविवारी व्हिडिओ कॉलवर बाळाला दाखवतो. अक्कांची गाळण उडाली. ह्या वेळी तोंडून काही वेडंवाकडं गेलं, तर लेक कायमची गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही तालीम सुरू केली. सोफ्यावरची उशी म्हणजे बाळ, मी म्हणजे उमा. ‘कुणासारखी दिसते?’ नको, त्यातून बोलणं रंगावर जातं. ‘डोळे सुरेख आहेत’ नको, म्हणजे बाकीचं नाही का? एवढ्याशा वाक्याने आमच्या नाकी नऊ आणले. शेवटी ‘बाळ सुंदर आहे’ एवढंच ठरलं, आणि पुढे पूर्णविराम.

रविवारी फोन मी धरला होता. पडद्यावर बाळ आलं. डोक्यावर दाट कुरळं जावळ, मूठ तोंडात. अक्का वाक्यबिक्य साफ विसरल्या. ‘अय्यो, रासात्ती,’ म्हणाल्या आणि भराभर तमिळमध्ये सुरू झाल्या, माझी राणी, किती सुंदर गं माझी राणी. आणि एकदम थांबून म्हणाल्या, ‘आना...’

तमिळमध्ये ‘पण’ला ‘आना’ म्हणतात. मराठीतले सगळे ‘पण’ आम्ही वेचून काढले होते, तमिळकडे बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. जोसेफला काही कळलं नाही, तो हसतच होता. उमाचा चेहरा मात्र ताठ झाला.

‘आना काय, अम्मा?’ उमाने विचारलं.

‘आना मी इतकी लांब,’ अक्का म्हणाल्या. ‘तेल लावून हिला न्हाऊ कोण घालणार?’

उमाने बाळाला जरा छातीशी ओढून घेतलं.

‘मग ये ना, अम्मा,’ ती म्हणाली.

अक्कांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे वळून, आपल्या मते अगदी हळू आवाजात, विचारलं, ‘अगे, पासपोर्टला कुठं जायचं असतं?’ फोन अजून चालूच होता. उमाला ते ऐकू गेलं, आणि ती रडता रडता हसायला लागली.