नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट

ऑर्लंड निकलने रेडिओचा कान पिळून तो बंद केला आणि स्वयंपाकघराला उद्देशून जाहीर केलं, "मंगळवारी पहाटे निघायचं. ठरलं म्हणजे ठरलं!"

त्याची बायको मेव्हिस भट्टीतून ब्लूबेरीचा केक काढत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "नक्की ना? सोमवारी संध्याकाळी माझी बहीण बर्निस येतेय. नवरा, पोरं, कुत्रा, सगळं लटांबर घेऊन. आपण नसताना घर त्यांचं, असा शब्द दिलाय मी तिला. मग ऐन वेळी 'आज नको, उद्या बघू' चालायचं नाही."

"मी पोस्टमास्तर होतो, मेव्हिस. माझ्या हातून कधी टपालाला उशीर झालाय?"

उशीर झाला नव्हता हे खरं. पण टपाल शिडाच्या होडीने जात नव्हतं, हेही तितकंच खरं. निवृत्त झाल्यावर ऑर्लंडने एक जुनी होडी घेतली, घासूनपुसून रंगवली, तिचं नाव 'हेझल' ठेवलं आणि आपल्या गावाच्या, लुनेनबर्गच्या खाडीत तो संध्याकाळचा फेरफटका मारू लागला. खाडीच्या तोंडापुढे तो कधी गेला नव्हता. आता मात्र थेट कॅन्सोला जायचं होतं, किनाऱ्याकिनाऱ्याने, रोज एका बंदरात मुक्काम करत. कॅन्सोला मुलगी दिली होती. तिच्या तान्हीचा रविवारी बाप्तिस्मा होता आणि त्यासाठी ऑर्लंडच्या आईने विणलेला, घराण्यातल्या प्रत्येक बाळाने घातलेला पांढरा झगा तो स्वतः नेणार होता.

"बाबा, पोस्टाने पाठव ना झगा," मुलगी रोना फोनवर म्हणाली होती.

"पोस्टाने? छे! हरवला म्हणजे?" जन्मभर पोस्टात काढलेला माणूस म्हणाला.

त्याचा सगळा हिशेब वाऱ्यावर होता. कॅन्सो ईशान्येला, म्हणजे वारा नैर्ऋत्येचा हवा. पाठीवर हात ठेवून ढकलत नेतो तो वारा. ईशान्येचा आला तर तोंडात मारतो. आणि रेडिओने मंगळवारी स्वच्छ नैर्ऋत्य सांगितला होता.

मंगळवारी पहाटे धक्क्यावर अर्धा गाव जमला होता. चर्चच्या बायकांचं गायन मंडळ प्रवाशांसाठीचं स्तोत्र म्हणायला आलं होतं. फक्त एकच घोटाळा झाला. धुकं इतकं दाट पडलं की स्वतःच्या हातातली किटली दिसेना. बायकांनी 'हेझल' समजून भलत्याच होडीकडे तोंड केलं आणि सगळी कडवी डोळ्यांत पाणी आणून म्हटली. ती होडी एल्रॉय झिंकची होती. तो बिचारा नुकता हेरिंग मासे घेऊन परतला होता. कोणीतरी गेलं असं वाटून तो टोपी काढून शेवटपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.

"कोण गेलं?" स्तोत्र संपल्यावर त्याने हळूच विचारलं.

"अजून कुणीच नाही," धुक्यातून मेव्हिसचा आवाज आला.

दोघं सामान उचलून घरी परतली. दार बर्निसच्या नवऱ्याने, क्लाइडने उघडलं. त्याच्या पायात ऑर्लंडच्या सपाता होत्या. आत ऑर्लंडच्या खुर्चीत कुत्रा झोपला होता.

"अगंबाई, भावजी!" बर्निस म्हणाली. "काही विसरलात का?"

"धुकं आहे," ऑर्लंड म्हणाला.

"होय का? बसा ना. पण रात्रीचं काय करू या? तुमच्या खोलीत पोरं आहेत, पाहुण्यांच्या खोलीत आम्ही आणि कोचावर... कोचाची गादी कुत्र्याने फाडलीय."

स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा एक कप चहा घेऊन दोघं होडीवर राहायला गेली.

बुधवारी धुकं गेलं आणि ईशान्येचा वारा आला, सोबत पाऊस घेऊन. होडी धक्क्याला बांधलेलीच राहिली. येणारा जाणारा वाकून विचारी, "काय ऑर्लंड, अजून इथंच?" ऑर्लंड पावलं वाजली की खाली केबिनमध्ये दडी मारी. पण त्याचा उपयोग नव्हता, कारण मेव्हिसने ओले कपडे शिडाच्या दांडीवर वाळत घातले होते आणि त्यात त्याची लांब विजार सगळ्या बंदराला दिसत होती.

निरोपाला केक देऊन गेलेली शेजारीण दुपारी धक्क्यावर आली. "निरोपाचा केक खाल्लात ना? ताट रिकामं झालं असेल तर न्यायला आलेय. दुसऱ्या निरोपाला मात्र बिस्किटं देईन हं."

ती गेल्यावर मेव्हिसने झग्याचा डबा मांडीवर घेतला; झगा ओला होऊ नये म्हणून तो तिने दहादा तपासला होता. "ऐक. रविवारी माझी नात हाच झगा घालणार. उद्या सकाळी वारा कुठलाही असो, हा झगा निघणार. तुझ्या होडीने, नाहीतर माझ्या बसने."

"मेव्हिस, समुद्राला घाई कळत नाही."

"मला समुद्र कळत नाही. बसची वेळ कळते."

उलट्या वाऱ्यात समुद्रावर जायचं नाही हे ऑर्लंडने ठरवलं होतं, आणि ते बरोबरही होतं. पण गावाच्या स्तोत्रानंतर आपण बसच्या थांब्यावर उभे आहोत, हे चित्र त्याला डोळ्यांपुढे आणवेना.

गुरुवारी उजाडताना तो वर आला, तर आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि मानेवर नैर्ऋत्येची झुळूक होती. निरोपाला चिटपाखरू नव्हतं. त्याने दोर सोडले.

आणि काय गेली होडी! वाटेतल्या बंदरांत दोनदा नांगर टाकला, दोनदा उचलला. मेव्हिसने सुकाणू धरलं, पहिल्यांदा किंचाळली, नंतर सोडेना. शनिवारी संध्याकाळी कॅन्सोच्या धक्क्यावर रोना बाळाला घेऊन उभी होती. रविवारी पाद्र्याने डोक्यावर पाणी टाकल्यावर तान्ही रडली नाही. रडला तो आजोबा.

सोमवारी परत निघायचं होतं. ऑर्लंड धक्क्यावर गेला आणि तसाच परत आला.

"वारा नैर्ऋत्येचा आहे," तो म्हणाला.

"मग चांगलाच की. तुझा लाडका!" मेव्हिस म्हणाली.

"यायला चांगला. जायला तोंडावर."

येण्याचा हिशेब त्याने हिवाळाभर मांडला होता. परतीचा मांडायचा राहून गेला होता. मंगळवारीही नैर्ऋत्य. पुढचा सगळा आठवडा नैर्ऋत्य. ऑगस्टमध्ये इथे दुसरं वाहतं तरी काय? कॅन्सोचे लोकही विचारू लागले, "काय आजोबा, अजून इथंच?" जावई लॉबस्टरच्या होडीने ओढून नेऊ म्हणाला. "काही नको," ऑर्लंड ताठ होऊन म्हणाला, "शिडाने आलो, शिडाने जाणार. ईशान्येचा वारा सुटला की त्या क्षणी."

रोज पहाटे मेव्हिस बाळाला घेऊन अंगणात जाई आणि वारा बघून येई. एका पहाटे ती आत आली तेव्हा ऑर्लंड मागच्या खोलीत पांघरुणात जागा होता.

"वारा कुठला?" त्याने विचारलं.

मेव्हिसने बाळाच्या टाळूवर ओठ टेकले. "नैर्ऋत्येचाच," ती म्हणाली. "झोप तू."

ऑर्लंडने खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारणीच्या दोरीवरच्या चादरी आज उलट्या बाजूला फडफडत होत्या, लुनेनबर्गच्या दिशेने, अगदी बोट दाखवल्यासारख्या. त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि हात पुढे केले.

"मग काय इलाज!" तो म्हणाला. "आण तिला इकडे."